दावे विधेयक (कॅलिफोर्निया)

राज्य सरकारने देणे मान्य केले आहे, पण ज्यासाठी चालू अंदाजपत्रकात तरतूद नाही, असे दावे चुकते करण्यासाठी विधिमंडळाने मंजूर करावयाचे विनियोजन विधेयक. मुदत संपून रद्द झालेल्या सरकारी धनादेशांऐवजी नवे धनादेश देण्याची रक्कमही याच मार्गाने मिळते. अमेरिकेतील अनेक राज्यांत या ना त्या रूपात अशी सोय आहे. कॅलिफोर्नियात असे विधेयक सहसा खर्चविषयक समितीच्या अध्यक्षांच्या नावाने मांडले जाते. त्यावर फारशी चर्चा होत नाही आणि वृत्तपत्रांतही ते क्वचितच झळकते. पण ज्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात, त्यांच्यासाठी राज्याच्या कारभारातला त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा कागद हाच असतो.

दावा मान्य झाला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदातील सातव्या कलमानुसार, कायद्याने विनियोजन केल्याशिवाय आणि कंट्रोलरने रीतसर वॉरंट काढल्याशिवाय तिजोरीतून पैसा बाहेर पडू शकत नाही. येथे वॉरंट म्हणजे कंट्रोलरने ट्रेझररला दिलेला लेखी देयादेश. लोकांच्या हाती तो पडतो तेव्हा चेकसारखाच दिसतो आणि बँकेत तसाच भरला जातो. कंट्रोलर आणि ट्रेझरर ही दोन्ही पदे निवडणुकीने भरली जातात.

राज्याचे आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून असे असते. त्या वर्षासाठी दिलेल्या रकमेतून खात्याने त्याच वर्षात खर्च बांधून घ्यायचा आणि बिले चुकती करायला साधारणपणे पुढची दोन वर्षे मिळतात. त्यानंतर तरतूद व्यपगत होते आणि उरलेला निधी परत जातो. मार्चअखेरीला निधी परत गेल्याची हळहळ महाराष्ट्रात ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. माल पुरवलेला असतो, पावती खरी असते, खातेही देणे नाकारत नाही, आणि तरीही बिल भागवण्याचे खाते बंद झालेले असते. अशा व्यापाऱ्याला नव्याने दावा करण्यावाचून गत्यंतर नसते.

मुदतबाह्य वॉरंटाची गोष्ट याहून जिव्हाळ्याची, कारण तेथे पैसा एकदा घरापर्यंत येऊन पोहोचलेला असतो. राज्याचे वॉरंट काढल्यापासून एका वर्षात वटवले नाही तर ते रद्द ठरते. न वटण्याची कारणे साधी असतात : पत्ता बदललेला असतो, घरातील माणूस वारलेले असते, प्राप्तिकराच्या परताव्याचे पाकीट दुसऱ्याच कागदांत गेलेले असते. कागद रद्द झाला तरी देणे बुडत नाही. रक्कम मूळ निधीत परत जमा होते. संबंधित खात्याकडे तरतूद शिल्लक असेल तर तेथूनच नवे वॉरंट निघू शकते. ती व्यपगत झाली असेल तर मात्र चाळीस-पन्नास डॉलरांसाठीही विधिमंडळाच्या मंजुरीची वाट धरावी लागते. खासगी कंपनीने दिलेला चेक वटला नाही, तर तीच रक्कम साधारणपणे तीन वर्षांनी (पगाराची असल्यास एका वर्षाने) कायद्याने राज्याच्या ताब्यात येते. कंट्रोलर ती मालकासाठी सांभाळतो आणि मालक वा त्याचे वारस ती केव्हाही मागू शकतात. दुसऱ्याच्या न वटलेल्या चेकबाबत राज्य जो उदारपणा पाळायला लावते, तो त्याने स्वतःच्या वॉरंटालाही लावायला हवा होता.

राज्यावर दावा करण्याच्या हक्काला इतिहास आहे. 1961 मध्ये रुग्णालयात पडून जखमी झालेल्या एका रुग्णाच्या प्रकरणात (मस्कॉफ विरुद्ध कॉर्निंग हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी संस्थांचे न्यायालयनिर्मित कवच काढून टाकले. विधिमंडळाने तो निर्णय काही काळ स्थगित ठेवला आणि 1963 मध्ये सविस्तर कायदा केला. त्यानुसार आधी सरकारकडे लेखी दावा, मगच न्यायालय, हा क्रम ठरला. शारीरिक इजेचा दावा सहा महिन्यांत, करारभंगासारखे दावे एका वर्षात दाखल करायचे. सरकारने 45 दिवसांत उत्तर द्यायचे. लेखी नकार आल्यास सहा महिन्यांत न्यायालयात जायचे. हे काम दीर्घकाळ एका मंडळाकडे होते. 2016 मध्ये ते सामान्य सेवा विभागाकडे गेले. दावा दाखल करण्याचे शुल्क 25 डॉलर असून गरिबांना त्यातून सूट मागता येते.

कायदेशीर जबाबदारी नसली तरी न्यायबुद्धीने द्यावेत असे काही दावेही शिफारशीसह विधिमंडळाकडे जातात. राज्यघटना सार्वजनिक पैशाची खिरापत करायला मनाई करते, त्यामुळे अशा देण्यामागे सार्वजनिक हेतू दाखवावा लागतो.

विधेयक स्वतः अगदी लहान असते. कोणत्या निधीतून किती रक्कम, कोणाकडे वाटपासाठी द्यायची, एवढेच त्यात लिहिलेले असते. ते बहुधा तातडीचा कायदा म्हणून मांडतात, म्हणजे गव्हर्नरची सही होताच लागू होते. दावेदारांचे हाल लवकर संपावेत हेच कारण विधेयकात नोंदवलेले असते. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. 2010 मध्ये मतदारांनी 25 वा प्रस्ताव मंजूर केल्यापासून राज्याचे अख्खे अंदाजपत्रक साध्या बहुमताने संमत होते. हजारो कोटी डॉलरांच्या नव्या खर्चाला साधे बहुमत पुरते आणि मान्य केलेले जुने देणे फेडायला मात्र त्याहून मोठे बहुमत हवे, ही विसंगती आहे.

विधिमंडळाने नकार दिला तर काय होते, याचे उत्तर मँडेल विरुद्ध मायर्स (1981) या खटल्यात मिळाले. गुड फ्रायडेच्या दुपारी सरकारी कचेऱ्या बंद ठेवण्याच्या आदेशाला एका कर्मचाऱ्याने आव्हान दिले होते. आदेश घटनाबाह्य ठरला आणि वकिलाचे शुल्क म्हणून 25,000 डॉलर देण्याचा निवाडा झाला. निवाडा अंतिम होता, तरी विधिमंडळाने दावे विधेयकातून ती रक्कम वगळली. खात्याच्या कार्यालयीन खर्चासाठी आधीच मंजूर असलेल्या तरतुदीतून ती देता येते, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने पैसे देण्याचा आदेश दिला. न्यायालय नवे विनियोजन करत नाही, पण केलेल्या विनियोजनातून अंतिम निवाडा भागवायला लावू शकते, हा धडा त्यातून पक्का झाला. राज्याविरुद्धचा निवाडा मालमत्ता जप्त करून वसूल करता येत नसल्यामुळे दावेदाराला या मार्गाचा मोठा आधार आहे.

या सगळ्या विलंबात सर्वांत जड जाणारा विलंब निरपराध असूनही तुरुंगवास भोगलेल्यांचा. त्यांना भरपाई म्हणून तुरुंगातल्या प्रत्येक दिवसाचे 100 डॉलर मिळत. 2016 पासून हा दर 140 डॉलर झाला. वीस वर्षांचा हिशेब दहा लाख डॉलरांच्या थोडा वर जातो. पण मंडळाने दावा मान्य केल्यावरही पूर्वी रकमेसाठी विधिमंडळाकडे शिफारस करावी लागे आणि विधेयक संमत होईपर्यंत हा माणूस नोकरी, घर, दवाखाना यांच्या तजविजीत रिकाम्या हाताने दिवस काढी. ज्याचे आयुष्य राज्याने चुकीने घेतले, त्याला राज्याच्या अधिवेशनाचे वेळापत्रक सांगणे अन्यायाचेच आहे.

फ्लॉरिडा राज्यात सरकारविरुद्धच्या दाव्याची कमाल मर्यादा माणशी 2 लाख आणि घटनेमागे 3 लाख डॉलर अशी 2011 पासून होती. ज्युरीने त्याहून अधिक भरपाई ठरवली, तरी वरची रक्कम त्या व्यक्तीच्या नावाचे स्वतंत्र विधेयक संमत झाल्यावरच मिळे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मात्र 1956 मध्येच निवाडा निधी उभारला. त्यातून न्यायालयीन निवाडे व तडजोडी काँग्रेसकडे पुन्हा न जाता चुकत्या होतात. आरंभी त्यावर 1 लाख डॉलरांची मर्यादा होती, ती 1977 मध्ये उठली. नव्या खर्चावर लोकप्रतिनिधींचे मत हवेच. ठरलेल्या देण्यासाठी अशी कायमची तरतूद अधिक न्याय्य आहे.

भारतात न्यायालयीन निवाड्याची रक्कम राज्यघटनेच्या 202 व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते आणि तिच्यावर विधानसभेत मतदान होत नाही. तरीही वाढीव मोबदल्यासाठी भूसंपादनग्रस्त शेतकरी जप्तीचा हुकूम घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत असतात. हुकूमनाम्यानंतर तीन महिन्यांत रक्कम दिली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 82 व्या कलमानुसार येथे सरकारविरुद्ध अंमलबजावणी करता येते. कॅलिफोर्नियात ही वाट नाही. कॅलिफोर्नियातील वॉरंटाला वर्षभराची मुदत असते, तर चेकची मुदत भारतात 1 एप्रिल 2012 पासून सहाऐवजी तीन महिने आहे.