ठशांच्या कचेरीची सव्वाशे वर्षे

बोटांवर शंख किती नि चक्रे किती, हे मोजून मुलाचे भविष्य सांगणाऱ्या आपल्या देशात, त्याच शंखचक्रांवरून गुन्हेगार ओळखणारी कचेरी १८९७ साली कलकत्त्यात उघडली. जगातली ही पहिली. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी ती सरकारच्या गळी उतरवली. मात्र हजारो कागदांतून हवा तो कागद शोधायचा कसा, हा खरा पेच सोडवला तो त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी.

हकांचे गणित साधे होते. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. एका जोडीच्या शक्यता चार, पाच जोड्यांच्या १०२४. म्हणजे ३२ ओळी आणि ३२ रकान्यांचे एक कपाट. ही पद्धत जगभर गेली ती हेन्रींच्या नावाने. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर. त्यांच्या वाट्याचे श्रेय मात्र फार उशिरा पदरात पडले.

कचेरीची पहिली कसोटी जलपायगुडीत लागली. चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला होता. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा उमटलेला होता. तो जुळला व्यवस्थापकाच्याच जुन्या नोकराशी. आधीच्या चोरीच्या शिक्षेमुळे त्याचे ठसे दप्तरी होतेच. १८९८ साली कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल नाही. तो तिथे होता, हे ठशाने सिद्ध झाले. गळा त्यानेच चिरला, हे नाही. माझ्या मते या शास्त्राच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निकाल.

हेन्री १९०१ मध्ये लंडनला गेले आणि स्कॉटलंड यार्डात तसाच विभाग सुरू झाला. इकडे १९०५ साली शिमल्यात निघालेली केंद्रीय कचेरी १९२२ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बंद झाली. ती पुन्हा उभी राहायला १९५५ उजाडले. १९८६ पासून ती राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे आहे.

आता कपाटे गेली. १९९२ मध्ये संगणक आला आणि २०२२ मध्ये 'नॅफिस' ही देशभरच्या ठशांची संगणकीय यंत्रणा. अटक झालेल्याला दहा आकडी क्रमांक मिळतो आणि एका राज्यातला ठसा दुसऱ्या राज्यातल्या नोंदींशी ताडता येतो. महाराष्ट्राच्या 'अँबिस' या स्वतःच्या यंत्रणेमध्ये बोटांबरोबर तळहात, चेहरा आणि बुबुळेही आहेत. यंत्र जवळपासचे ठसे पुढे करते. त्यातला नेमका कोणता, हे आजही तज्ज्ञच भिंगातून ठरवतो.

२०२२ च्या कायद्याने या नोंदी ७५ वर्षे जपायच्या आहेत. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळे सांगितले नसल्यास त्याची नोंद नष्ट व्हायला हवी. त्यासाठी नियमांनी अर्जाची वाट दाखवली आहे. ज्याला वकीलही परवडला नाही, तो हा अर्ज कुठून करणार? ते काम सरकारने आपणहून करावे.