हलगीवादनातील काडीची पकड

सोलापूर जिल्ह्यातील माढा परिसरात आणि एकूणच पश्चिम महाराष्ट्रात जत्रा, मिरवणुका व कुस्त्यांच्या मैदानात वाजणाऱ्या हलगीवर आघात करताना काड्या हातात धरण्याची रीत. हलगी खांद्याला अडकवून डाव्या हाताने तोलतात. त्याच हाताच्या बोटांत लांब बारीक काडी असते, तर उजव्या हातात आखूड जाड टिपरू. डाव्या हाताला वाद्यही सावरायचे असल्याने दोन्ही हातांची पकड सारखी राहत नाही. युरोपातील लष्करी ड्रम अंगावर तिरका लटकत असे, तेव्हा तेथेही पकड भिन्न होती. ड्रम स्टँडवर आडवा ठेवल्यावर समान पकड सोयीची ठरली. म्हणजे पकडीचा आकार वाद्याच्या ठेवणीवरून ठरतो.

आरोग्याची कसोटी मात्र दोन्हीकडे एकच आहे: अंगठा व तर्जनीत काडीचा टेकू, उरलेली बोटे सैल आणि मनगट शक्यतो सरळ. ताणलेल्या कातड्यावरून काडी आपोआप उसळते; मूठ आवळली की तो धक्का स्नायूंना व मनगटाला सोसावा लागतो. उघड्यावर आवाज पोहोचवायला घट्ट मूठच हवी, हा आक्षेप टिकत नाही. आवाज काडीच्या वेगाने आणि कातड्याच्या ताणाने वाढतो; म्हणूनच हलगी आधी विस्तवावर शेकतात. घामाने काडी निसटण्याची अडचण खरी आहे, पण तिच्यावर हात पुसणे व योग्य जाडीची काडी निवडणे हाच उपाय. बोटांना मुंग्या किंवा बधिरता आल्यास वादन थांबवावे. तासन्तास वाजवणाऱ्या कलावंताचे हात टिकवायचे तर सैल पकड बोलांइतक्याच काळजीने शिकवली पाहिजे.