शब्दवेध : मजनू

‘मजनू’ हा मूळचा अरबी ‘मजनून’. अर्थ प्रेमवीर नव्हे, जिनाने झपाटलेला. आपल्याकडे भूत लागते, तसा तिकडे जिन. ज-न-न या धातूत झाकण्याचा भाव आहे. डोळ्यांना न दिसणारा तो जिन, गर्द झाडीने झाकलेली बाग ती जन्नत आणि अकलेवर पडदा पडलेला तो मजनून. बनू आमिर टोळीतला कवी कैस लैलाच्या ध्यासाने रानोमाळ भटकू लागला, तेव्हा लोकांनी त्याला हे नाव ठेवले, अशी आख्यायिका आहे. ११८८ मध्ये निजामी गंजवीने फारसीत ‘लैला-मजनू’ रचले आणि कैस मागे पडला, टोपणनाव उरले.

जिनाची जागा पुढे मानसशास्त्राने घेतली. अमेरिकेच्या डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ च्या पुस्तकात या अवस्थेला ‘लिमरन्स’ म्हटले. हा शब्द त्यांनी चक्क मनाने घडवला. त्याला व्युत्पत्तीच नाही. डोक्यातून एकच व्यक्ती हलत नाही, तिच्या साध्या ‘हाय’चे दहा अर्थ लावले जातात, मेसेजची निळी खूण पुन्हा पुन्हा तपासली जाते. टेनॉव्ह यांच्या मते हे वेड आशा आणि अनिश्चितता या दोहोंवर पोसले जाते. त्यामुळे नकार द्यायचा तर गुळमुळीत नको, स्वच्छ द्यावा.

आणि नकारानंतरही वाट अडवणाऱ्याला लाडाने ‘मजनू’ म्हणू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार मुलीचा असा पाठलाग हा गुन्हा आहे.