झोप वाटून घेणारी शर्यत

आजचा एपिसोड सायकलचा आहे, पण टूर द फ्रान्सचा नाही. तिथले रायडर पगारी. आपण बोलतोय नोकरी-दवाखाना सांभाळून, चाळिशीत किंवा साठीत टीम करून शर्यतीत उतरणाऱ्या लोकांबद्दल. शर्यतीचं नाव रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे 'रॅम'.

सुरुवात 1982 ची. जॉन मरिनो, जॉन हॉवर्ड, मायकल शर्मर आणि लॉन हाल्डमन, असे फक्त चौघे कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाहून न्यूयॉर्ककडे निघाले. हाल्डमन जिंकला, 9 दिवस 20 तासांत. इथे टप्पे नाहीत, रात्रीची सुट्टी नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. तुम्ही झोपलात तर तो वेळही तुमच्याच खात्यात! 1983 मध्ये शर्मरच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरणंच जमेना. या त्रासाला आजही सायकलवाले 'शर्मर्स नेक' म्हणतात. रोग नावावर लागणं हा कसला मान, देव जाणे.

मग नव्वदच्या दशकात रिले टीम आल्या आणि माझ्या मते शर्यत खरी इथे बदलली. दोघं, चौघं किंवा आठ जण. एक रस्त्यावर, बाकीचे गाडीत. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वयाचा हिशेब. टीममधल्या सगळ्यांच्या वयाची सरासरी काढतात आणि त्यावरून गट ठरतो: पन्नाशीच्या आतले, 50 ते 59, 60 ते 69, आणि पुढे सत्तरीपारचेसुद्धा. म्हणजे टीममध्ये एखादे आजोबा असतील तर ते ओझं नाहीत, उलट गट बदलून देणारे आहेत.

आता नाशिकला येऊ. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ दोघांच्या टीममधून उतरले. एक भूलतज्ज्ञ, एक दंतवैद्य, दोघंही चाळिशीच्या आसपास. ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस, सुमारे 4,800 किलोमीटर. टीमसाठी मुदत 9 दिवस. त्यांनी वेळ दिली 8 दिवस 14 तास 55 मिनिटं.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. हे होतात जवळपास 207 तास. सरासरी ताशी 23 किलोमीटरच्या वर, आणि तीही न थांबता! आमचा रविवारचा ग्रुप सिंहगडच्या पायथ्याला चहाला थांबतो ना, तसं काही यात नाही. वाळवंटातलं ऊन, मग कोलोरॅडोत 10,000 फुटांवरचा वुल्फ क्रीकचा घाट. दोघांत म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा दिवस सायकल. उरलेल्या अर्ध्यात खाणं, मालिश, कपडे बदलणं आणि झोप. एकाचे पाय बसले तर दुसऱ्याची झोप जाते. चौघांत एक जण ढिला पडला तर भार तिघांत वाटला जातो. दोघांत तो कुठे वाटणार? आणि मुदतीला उरले होते फक्त नऊ तास. ताशी किलोमीटरभर वेग कमी पडला असता, तरी ते नऊ तास संपले असते.

ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम.

दोन वर्षांनी, 2017 मध्ये, नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुन्हा डॉक्टरच! नाइट ड्युटीची सवय कामी येत असावी, हा आपला माझा अंदाज. पण बघा, एकट्याला 12 दिवस आणि दोघांना 9. जोडीदार मिळाला म्हणून शर्यत सोपी होत नाही, मुदतीतले तीन दिवस आधीच कापून घेतात.