हाय विकमच्या खुर्च्या आणि नाकातला कर्करोग

लंडनहून एम-४० ने ऑक्सफर्डकडे निघालात की वाटेत हाय विकम लागतं. तिथल्या फुटबॉल संघाला आजही लोक 'चेअरबॉइज' म्हणतात, म्हणजे खुर्चीवाली पोरं. चिल्टर्न टेकड्यांवर बीचची झाडं मुबलक, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या या गावाचा धंदा एकच: खुर्च्या. नाक आणि सायनसच्या कर्करोगाचा इतिहास सांगायचा तर मला याच गावापासून सुरुवात करावीशी वाटते.

सायनस म्हणजे गालाच्या हाडात, कपाळात आणि दोन डोळ्यांच्या मधे असलेल्या हवेच्या पोकळ्या. आत मोकळी जागा असल्यामुळे गाठ बराच काळ गुपचूप वाढते. एकच नाकपुडी चोंदलेली राहते, अधूनमधून रक्त येतं, आणि आपण 'सर्दी जुनी झालीय' म्हणून वाफारा घेत बसतो. आजार तसा दुर्मीळ. एखाद्या डॉक्टरला तो आयुष्यात मोजक्याच वेळा दिसावा.

पण १९६० च्या दशकात हाय विकमच्या कान-नाक-घसा सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांना तो वारंवार दिसू लागला, आणि तोही ग्रंथींच्या पेशींतून होणारा, अॅडिनोकार्सिनोमा नावाचा विरळा प्रकार. रुग्ण बहुतेक फर्निचर कारागीर. ऑक्सफर्डचे सर्जन रोनाल्ड मॅकबेथ यांनाही हेच जाणवलं होतं. मग डोनाल्ड अॅचिसन या साथरोगतज्ज्ञाने नोंदी तपासल्या, आणि १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या सगळ्यांचा शोधनिबंध आला. लाकूडकाम करणाऱ्यांत हा कर्करोग इतरांपेक्षा शेकडो पटींनी जास्त होता. मशीनवर लाकूड घासताना उडणारी बारीक धूळ नाकात बसायची, आणि आजार उगवायचा कित्येक दशकांनी. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'रूट कॉज' शब्द उठता-बसता वापरतो. इथे तो सापडला 'तुम्ही काम काय करता?' या साध्या प्रश्नातून.

कारण सापडलं, पण आजारी पडलेल्यांचं काय? त्या काळी उपाय दोन: शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, ज्याला आपल्याकडे अजूनही 'शेक देणे' म्हणतात. सर्जन नाकाच्या कडेने चेहऱ्यावर चीर देत, वरच्या जबड्याचा भाग काढत, कधी डोळाही काढावा लागे. टाळूला पडलेलं भोक झाकायला दातांच्या कवळीसारखं झाकण बसवत; त्याशिवाय घोटलेला चहा नाकातून बाहेर यायचा. एवढं सोसूनही गाठ पुन्हा यायची, बहुतेकदा नाकाच्या छताशी. तिथलं हाड चाळणीसारखं, वासाच्या नसा त्यातून वर जातात, आणि लगेच वर मेंदू. खालून काम करणारा सर्जन तिथे थांबायचा.

ही अडचण अमेरिकेत सुटू लागली. आल्फ्रेड केचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मेंदूचे सर्जन वरून कवटी उघडत, नाकाचे सर्जन खालून येत, आणि मधलं छत गाठीसकट एकसंध काढलं जाई. ऑपरेशन जबर होतं. पण जिथे आधी हात टेकत, तिथे आता माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. लंडनमध्ये व्हॅलेरी लुंड आणि डेव्हिड हॉवर्ड यांनी हीच वाट पुढे नेली.

पुढचं वळण भौतिकशास्त्रातून आलं. हॅरॉल्ड हॉपकिन्स, पुढे रेडिंगला प्राध्यापक झाले ते, यांनी काचेच्या दांड्यांची दुर्बीण तयार केली. रेडिंग हाय विकमपासून हाकेच्या अंतरावर, हा योगायोग मला फार आवडतो. १९७० च्या दशकात ऑस्ट्रियात ग्राझ इथे मेसरक्लिंगर यांनी ती नाकात वापरली. आधी साध्या सायनससाठी, मग गाठींसाठी.

आज भारतातून नातेवाइकांचा फोन येतो: 'डॉक्टर दुर्बिणीने काढू म्हणतात, म्हणजे अर्धवट काढणार का?' तसं नाही. निवडक रुग्णांत नाकपुडीतूनच, चेहऱ्यावर चीर न देता, छतापर्यंतची गाठ काढता येते. गाठ मोठी असली तर तुकड्यांनी निघते; महत्त्वाचं हे की तिचं मूळ आणि कडा साफ निघाव्यात. गाठ कातडीत, डोळ्यात किंवा टाळूत शिरली असेल तर उघडी शस्त्रक्रिया लागतेच. नंतर बहुतेकांना काही आठवडे रेडिएशन. डोळ्यांच्या नसा जवळ असल्यामुळे काहींना प्रोटॉनचा विचार होतो. ती सोय मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात २०१८ पासून आहे आणि आता टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातही आहे. झपाट्याने वाढणाऱ्या काही प्रकारांत केमो आधी देतात, आणि लिंफोमा निघाला तर सहसा मोठी शस्त्रक्रिया लागतच नाही. म्हणून बायोप्सीत प्रकार कोणता आला, हे पहिलं विचारा. दुसरं, त्या टीममध्ये मेंदूचे सर्जन आहेत का.

आणि कुणी सुतारकामात आयुष्य घालवलं असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. साग-शिसवही हार्डवुडच. ब्रिटनमध्ये १९६९ पासून लाकूडकामातून होणारा हा कर्करोग औद्योगिक आजारांच्या यादीत आहे, सध्या 'डी-६' या क्रमांकाने. इथे नोकरी केली असेल तर निवृत्तीनंतरही भत्त्यासाठी अर्ज करता येतो. अर्जात कामाची जुनी ठिकाणं विचारतात, तेव्हा वडिलांच्या जुन्या पगारपावत्या फेकू नका.