पाचांपैकी चौघे : ह्यूस्टनच्या गोल्फ संघाची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला वर्गात रसायनशास्त्र शिकवीत आणि सायंकाळी मैदानावर खो-खोचा संघ घडवीत. म्हणूनच आज मी सातासमुद्रापलीकडील तशाच एका शिक्षकाची कथा निवडली आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा १८९७ साली सुरू झाली आणि पहिले विजेतेपद येल विद्यापीठाने मिळविले. पुढे चार दशके हा खेळ प्रामुख्याने येल, प्रिन्स्टन, हार्वर्ड अशा पूर्वेकडील संपन्न विद्यापीठांच्याच हाती राहिला. टेक्सासमधील ह्यूस्टन विद्यापीठाचा उगम मात्र १९२७ सालच्या एका साध्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे. तेथील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्ह विल्यम्स यांच्याकडे १९५० च्या दशकाच्या आरंभी गोल्फ संघ सोपविण्यात आला. १९५६ ते १९८५ या काळात त्या संघाने १६ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली!

गोल्फ हा वस्तुतः एकट्याचा खेळ. तो सांघिक होतो तो एका नियमामुळे. प्रत्येक फेरीत पाच जण खेळतात आणि त्यांतील चौघांचे उत्तम गुणांक धरले जातात. त्यामुळे चौथ्या खेळाडूने वाचविलेला एक फटका पहिल्या खेळाडूच्या फटक्याइतकाच मोलाचा ठरतो. विद्यापीठीय गोल्फचे खरे शिक्षण मला या हिशेबात दिसते.

तथापि, महाविद्यालयीन क्रीडाविश्वात या खेळाचे आसन मागच्याच रांगेत आहे. उत्पन्न येते ते फुटबॉलच्या प्रेक्षकांकडून. अनेक वर्षे पहिल्या श्रेणीतील फुटबॉल संघास ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती, तर पुरुषांच्या गोल्फ संघास अवघ्या साडेचारांची. त्याही खेळाडूंमध्ये विभागून द्यावयाच्या. २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा गेली. परंतु संघात नऊच खेळाडू ठेवता येतात. शिष्यवृत्तीची वाट रुंदावली, तरी दहाव्या मुलासाठी दार बंद झाले. या दहाव्याची चिंता मला वाटते, आणि तिचे कारण ह्यूस्टनच्याच इतिहासात आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेड कपल्स आणि जिम नॅन्ट्झ हे ह्यूस्टनच्या गोल्फ चमूत होते व वसतिगृहात एकत्र राहत. कपल्स व्यावसायिक खेळाडू झाले. नॅन्ट्झ यांनी नाव कमावले ते मैदानाबाहेर, दूरचित्रवाणीवरील समालोचक म्हणून. १९९२ साली ऑगस्टा येथे कपल्स यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हा विजेत्याची मुलाखत घ्यावयास समोर बसले होते त्यांचे हेच जुने सोबती. संघाने दोघांनाही घडविले होते. गुणफलकावर मात्र त्यांतील एकाचेच नाव झळकले.

आमचे गुरुजी राखीव मुलांनाही रोज धावावयास लावीत. मी त्या राखीवांपैकीच एक. त्यांनी आम्हांला का वगळले नाही, हे मला आज उमगते.