दारातला यम

ऑपेरा म्हटलं की आपल्याला झुंबरांचं भलंमोठं थिएटर आठवतं. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टनं आधी तसाच भव्य ‘सीता’ रचला. त्याच्या हयातीत तो रंगमंचावर आलाच नाही. मग त्यानं महाभारतातली ‘सावित्री’ घेतली. तीन गायक, छोटा समूहस्वर, बारा वादक, अर्धा तास. प्रयोग उघड्यावर नाहीतर लहानशा वास्तूत व्हावा, पडद्याची गरज नाही, असं त्यानंच लिहून ठेवलं. १९१६ साली लंडनच्या वेलिंग्टन हॉलमध्ये तो झाला. सुरुवातीला साथीशिवाय नुसता मृत्यूचा आवाज येतो. बाहेर महायुद्ध चाललेलं, घरोघरी मृत्यूच्या वार्ता येत होत्या. म्हणून आम्ही म्हणतो, लहान जागा ही तिथे तडजोड नव्हती. यम दूरच्या रंगमंचावर नाही, आपल्याच दारात उभा राहतो.